उसना आवाज

कालायोकी गावात ज्याला गाडी चालवता येते, त्याला ती बहुधा तार्मो कल्लुन्कीनेच शिकवलेली असते. गावची डॉक्टरीणबाई, चर्चचा पाद्री, पोलीस चौकीतली दोन्ही माणसं, सगळ्यांनी त्याच्या शेजारी बसून घाम गाळलेला. एरवी तार्मो फारसा बोलणारा नव्हे. त्याची बायको रायली म्हणायची, ‘याच्या तोंडून चार वाक्यं ऐकायची असतील, तर शिकाऊ परवाना काढावा लागतो.’ पण एकदा का शेजारचा माणूस स्टिअरिंग गच्च आवळून बसला, की तार्मोचा तो जाड, संथ आवाज सुरू व्हायचा. ‘सोड. हळू सोड. क्लच काही पळून जात नाही.’ चाळिशी उलटलेल्या बायका सांगायच्या, बर्फावर चाक घसरलं की अजून तो आवाज कानात येतो आणि हात आपोआप सैल पडतात.

नेमका त्या आवाजालाच रोग लागला.

उन्हाळ्यात त्याची जीभ जड झाली. ‘र’ म्हणताना तो अडखळू लागला, आणि र तर त्याच्या नावातही होता आणि बायकोच्याही. आधी सगळ्यांना वाटलं, दातांचं काहीतरी असेल. ऑगस्टमध्ये औलू शहरातल्या डॉक्टरांनी नाव सांगितलं, एएलएस. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात. कुणाचं हातापासून सुरू होतं, कुणाचं पायापासून. तार्मोचं जिभेपासून सुरू झालं होतं, आणि त्यावर औषध नव्हतं.

तिथेच योन्ना नावाची वाचा-उपचार करणारी तरुण बाई त्यांना भेटली. आडपडदा न ठेवता ती म्हणाली, “तुमचा आवाज जाणार आहे. कधी, ते मी सांगू शकत नाही. पण अजून आहे तोवर तो साठवून ठेवता येईल.” काही शे वाक्यं संगणकासमोर वाचून ध्वनिमुद्रित करायची, त्यावरून यंत्र एक आवाज घडवतं. पुढे बोलणं थांबलं की माणसाने टाइप करायचं आणि यंत्राने त्याच्याच आवाजात ते बोलायचं. “मात्र लवकर करा,” ती म्हणाली. “लोक चालढकल करतात आणि मग माझ्याकडे रडत येतात.”

घरातला जुना लॅपटॉप या कामाचा नव्हता. त्याचा पंखा इतका घरघरायचा, की माइकमध्ये तार्मोपेक्षा तोच जास्त ऐकू आला असता. तेव्हा इल्पो म्हणाला, “लॅपटॉपचं माझ्यावर सोडा.”

इल्पो हा तार्मोचा थोरला भाऊ. लाकूड कापायच्या गिरणीत यंत्रं सांभाळण्यात त्याचा जन्म गेला होता. आता निवृत्त होऊन तो तीन गल्ल्या पलीकडे एकटा राहत होता. बायको फार पूर्वीच सोडून गेलेली. आयुष्यात आपण एकही वस्तू दुरुस्तीसाठी दुकानात दिली नाही, याचा त्याला भारी अभिमान. दोघं भाऊ एका गावात राहूनही नाताळला, कुणाच्या अंत्यविधीला आणि क्वचित सौनाच्या वाफेत भेटायचे, एवढंच. भांडण कसलंच नव्हतं. बोलायला विषय नव्हता, इतकंच.

त्याने लॅपटॉप आणला तो खरोखर देखणा होता. पातळ, करड्या रंगाचा आणि मुका. चालू आहे की बंद, कान लावूनही कळत नसे. इल्पोने तो आधी आपल्या घरी नेऊन नीट तयार केला आणि मग भावाच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आणून ठेवला. गाद्या लावून मागची छोटी खोली त्याने आवाजबंद केली. रायली शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती दुपारी घरी आली, तेव्हा दोघं भाऊ गुडघ्याला गुडघा लावून त्या खोलीत बसले होते आणि तार्मो वाचत होता.

“बंदरावर आज पिवळे डबे उतरले. शेजाऱ्याच्या मेंढीला संगीत आवडत नाही.” तो थांबला. “हे लिहितं कोण? जन्मात कधी मेंढीबद्दल बोललो नाही. आता जाता जाता बोलायचं होय?”

“सगळे उच्चार यायला हवेत म्हणून तसं लिहितात,” इल्पो म्हणाला. “वाच गुपचूप.”

“तू स्वतः उन्हाळी घराच्या छपरावरून पडलास तेव्हा कुठे गुपचूप बसला होतास?”

“वाच रे!”

रायली दारात उभी राहून ऐकत होती. कोट काढायचंही तिला सुचलं नाही. तार्मो वाचून दमला आणि त्याने मान वर केली, तशी ती म्हणाली, “लग्न झाल्यापासून एका बैठकीत एवढं बोलला नव्हतास तू.” तिघंही हसले. आवाज अजून त्याचाच होता. ‘र’ जरासा घरंगळत होता, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप पहिल्यांदा बंद पडला. वाक्यं गटागटाने वाचायची असत. गट पुरा झाला की तो जपून ठेवला जाई. मध्ये काही बिनसलं, तर तो गट पुन्हा पहिल्यापासून. तार्मो शेवटच्या वाक्यावर होता, आणि स्क्रीन एकदम निळी झाली. त्यावर पांढऱ्या अक्षरांत दिलगिरीची एक ओळ. मग काळोख. मग काही झालंच नाही अशा थाटात लॅपटॉप पुन्हा सुरू.

“नवीन आहे,” इल्पो म्हणाला. “सुरुवातीला होतं असं.”

पण ते होतच राहिलं. कधी दहा वाक्यांनंतर, कधी दोन गट सुरळीत पार पडल्यावर. काही ताळमेळ बसेना, आणि ताळमेळ बसत नाही म्हटल्यावर इल्पो पेटला. त्याने सगळे अपडेट चढवले. संरक्षणाचा प्रोग्रॅम काढून पाहिला. लॅपटॉप तापतो की काय म्हणून त्याच्याखाली पाव गार करायची जाळी ठेवली. आवाज हाताळणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम बिघडला असेल म्हणून तो उडवून नवा घातला.

“काय बिघडलंय म्हणालास?” तार्मोने विचारलं.

“ड्रायव्हर.”

“मग मला दे ना. बिघडलेले ड्रायव्हर सुधारण्यातच माझी हयात गेली.”

तार्मो स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि इल्पोला त्याची पाठ चोळावी लागली. पाठ चोळता चोळता इल्पोच्या मनात आलं, लहानपणानंतर आपण याला हात लावतोय तो आजच. शर्टाखाली भावाचे खांदे भलतेच बारीक लागत होते.

ऑक्टोबर असा गेला. रोज सकाळी इल्पो यायचा, कॉफी व्हायची. तार्मोच्या कपात आता घट्ट करणारी पूड घालावी लागे. मग दोघं त्या खोलीत शिरायचे. थोडं वाचन, मग निळी स्क्रीन, मग इल्पोचं खुडबुड करणं. इल्पो काम करत असताना तार्मो शेजारी बसून राही आणि बोलत असे. एवढ्या वर्षांत न बोललेलं सगळं त्याने त्या दिवसांत काढलं. वडिलांनी होडी विकली त्या दिवशी आपण कुठे लपलो होतो ते. आपल्याला पोर झालं नाही तेव्हा रायली आठवडाभर जंगलात बेरी वेचायला जायची आणि रिकामी बादली घेऊन यायची, ते. इल्पो मान खाली घालून स्क्रीनकडे बघत ऐके. मध्येच तार्मो टोमणा मारी, “तुझी बायको गेली तेव्हासुद्धा तू तिच्यासोबत आलेलं माहितीपत्रक शोधत बसला असशील.”

“सापडलं असतं तर दुरुस्त केली असती,” इल्पो म्हणे.

रायलीला हे सारं बाहेरून दिसत होतं. नोव्हेंबर लागला तशी एकदा तिने इल्पोला ओसरीवर गाठलं. आतून तार्मोचा आवाज येत होता. आता ‘र’च नव्हे, ‘स’ही विस्कटला होता.

“इल्पो, तो लॅपटॉप दुकानात परत ने आणि बदलून आण.”

“अगं, बदलून दिला तरी त्यांची तपासणी, मग वाट पाहणं... तोवर मी शोधून काढतो. फार लांब नाही मी आता.”

“महिना झाला, तू फार लांब नाहीस.”

“दोन दिवस दे.”

“माझ्याकडे नाहीत रे द्यायला,” रायली म्हणाली. “आतमध्ये विचार, त्याच्याकडे आहेत का.”

इल्पोने खरंच आत जाऊन विचारलं. तार्मोने खांदे उडवले. “राहू दे. तो शोधेल,” तो बायकोला म्हणाला. रायलीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि ती भांडी घासायला निघून गेली. नवऱ्याला त्या घडीला आवाजापेक्षा भाऊ हवा होता, हे तिला दिसलं असावं. म्हणूनच तिने जास्त ताणलं नाही.

तिच्या शब्दाखातर इल्पोने लॅपटॉपच्या कंपनीला फोन मात्र केला. पलीकडची बाई शांत आणि चिकाटीची होती. एकेक गोष्ट तिने करून घेतली, आणि मग विचारलं, “लॅपटॉप घेतल्यावर तुम्ही तो उघडला होता का? आत काही जादा बसवलं आहे का?”

इल्पोने बसवलं होतं. लॅपटॉप घरी आणला त्याच संध्याकाळी त्याने त्याचं पोट उघडून मेमरीची एक जादा पट्टी आत घातली होती. कोरी पट्टी, कधीची त्याच्या खणात पडून होती. भावाला द्यायचं तर धिमं काही द्यायचं नाही, म्हणून.

“नाही,” तो म्हणाला.

खोटं बोलायचं असं काही त्याने ठरवलं नव्हतं. हो म्हटलं तर ही बाई त्याच पट्टीवर सगळं ढकलून मोकळी होईल, हमी गेली म्हणेल, असं त्याला वाटलं. आणि ती पट्टी त्याने स्वतःच्या हाताने बसवली होती. बसवल्यावर तपासणीही केली होती, छोटीशी, पण केली होती. बिघाड त्यांच्याकडचाच असणार. तो भाग त्याच्या मनात तिथेच मिटला.

योन्नाने सांगितलं होतं की ठरलेल्या वाक्यांखेरीज स्वतःची वाक्यंही मुद्रित करा. घरातले लाडाचे शब्द, शिव्या, ज्याला जे म्हणावंसं वाटतं ते. यंत्राने घडवलेलं नव्हे, तुमचंच बोलणं जसंच्या तसं राहील. तार्मो ते पुढे पुढे ढकलत होता. नोव्हेंबरच्या मध्यावर एका सकाळी मात्र तो इल्पोला म्हणाला, “आज ते रायलीचं करू या. तू बाहेर जा.”

इल्पोने सगळं चालू करून दिलं, दार ओढून घेतलं आणि लाकडं फोडायला मागच्या अंगणात गेला. ऐकू येऊ नये म्हणून मुद्दाम जोरजोरात फोडली. अंगणावर बारीक हिम भुरभुरत होतं. बऱ्याच वेळाने तो आत आला, तर तार्मो हात मांडीवर ठेवून बसला होता आणि स्क्रीन निळी होती.

“केव्हा पडला?” इल्पोने विचारलं.

“अगदी शेवटी.”

“काहीच राहिलं नाही?”

तार्मोने नकारार्थी मान हलवली.

“आता लगेच पुन्हा म्हण. मी परत बाहेर जातो.”

“नको.” शब्द तोंडातून बाहेर काढायला तार्मोला कष्ट पडत होते, आणि तरी त्याने ते वाक्य पुरं केलं. “तसलं एकदाच म्हणता येतं, इल्पो. मी काही पाद्री नाही.”

त्यानंतर तार्मो त्या खोलीत पूर्वीसारखा रमला नाही. तरी वाचत राहिला. मग एक दिवस योन्नाचा फोन आला. जपून ठेवलेले गट तिने आवाज घडवणाऱ्यांकडे पाठवले होते, आणि तिकडून उत्तर आलं होतं: बऱ्याच वाक्यांत खरखर आहे, मध्येच शब्द तुटलेत, आवाज घडवायला एवढ्याचा उपयोग नाही. जे वाचलं असं त्यांना वाटत होतं, तेही आतून किडलेलं निघालं.

फोन रायलीने घेतला होता. तिने तो ठेवला. तिने आवाज चढवला नाही. “दुकानात ने म्हणाले होते मी,” एवढंच म्हणाली आणि कोट घालून बाहेर पडली. नदीच्या कडेने ती कितीतरी लांब चालत गेल्याचं पुढे शेजारणीने सांगितलं.

डिसेंबरच्या सुरुवातीला तार्मोला इस्पितळात ठेवलं. गिळणं कठीण झालं होतं, म्हणून पोटात नळी बसवायची होती. काही दिवस खोली रिकामी. इल्पो लॅपटॉप आपल्या घरी घेऊन गेला. आता मध्येच ‘चल, एकदा वाचून बघू’ म्हणणारं कुणी नव्हतं, तेव्हा त्याने मेमरीची सगळ्यात लांब तपासणी लावली आणि तो गोठलेल्या समुद्रावर मासे धरायला गेला. नवा बर्फ पायाखाली कुरकुरत होता. एकही मासा लागला नाही. दुपारीच, हिवाळ्यातला लवकरचा अंधार पडता पडता, तो परत आला, तेव्हा स्क्रीन वरपासून खालपर्यंत चुका दाखवणाऱ्या लाल ओळींनी भरली होती.

त्याने बूटही काढले नाहीत. लॅपटॉप उलटा केला, स्क्रू काढले. कंपनीची मूळची पट्टी आधी बाहेर काढली आणि स्वतःची आत ठेवली. पुन्हा लाल. मग स्वतःची काढून मूळची घातली. लॅपटॉप चालू झाला आणि चालत राहिला. दुसऱ्या दिवशीही चालला, तिसऱ्या दिवशीही. इल्पोने त्याला नाही नाही ते काम दिलं, ध्वनिमुद्रण तासन्‌तास लावून ठेवलं, आणि तो नवाकोरा, देखणा लॅपटॉप एक हूं की चूं न करता सगळं करत गेला. विकत घेतला होता त्या दिवसापासून तो असाच चालला असता.

पट्टी टेबलावर पडली होती, बोटभर लांबीची. ती थंड असताना नीट चाले. तासभर काम करून तापली की आतल्या आत चुकायला लागे. एवढंच होतं.

कुणाला कळण्याचं काहीच कारण नव्हतं. ‘दुरुस्त झाला’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. इल्पोने तसा विचार केला नाही असं नाही. पण तार्मो घरी आला त्याच दिवशी तो गेला आणि दोघं समोर असतानाच त्याने सांगून टाकलं. पट्टीचं सांगितलं, आणि फोनवरच्या बाईचंही.

रायली पलंगावरची चादर सारखी करत होती. तिचे हात थांबले. “तिने विचारलं होतं तुला?”

“हो.”

“आणि तू नाही म्हणालास.”

“हो.”

“का रे?”

उत्तर इतकं क्षुद्र होतं, की ते माणसासमोर ठेवण्याजोगं नव्हतं.

तेवढ्यात तार्मो हसायला लागला. या आजारात हसू आणि रडू माणसाच्या ताब्यात राहत नाही. एकदा सुटलं की सुटलं. तो हसत गेला, त्याचे खांदे गदगदले, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि मग तो आवाज दुसराच झाला. तो आता हसतोय की रडतोय, ते बायकोलाही कळेना आणि भावालाही. रायलीने त्याचं डोकं छातीशी धरलं. त्याच्या डोक्यावरून तिने इल्पोकडे पाहिलं. “जा तू आज,” ती म्हणाली.

दोन दिवसांनी तिचाच निरोप आला: लॅपटॉप घेऊन ये.

आता सगळं ठाकठीक होतं. गाद्या लावलेली खोली, मुका लॅपटॉप, माइक. तार्मो बसला आणि त्याने मेंढीचं वाक्य वाचलं. त्याच्या तोंडात जणू उकडलेला बटाटा होता. प्रोग्रॅमने नम्रपणे लिहिलं, वाक्य ओळखता आलं नाही, कृपया पुन्हा वाचा. तार्मोने पुन्हा वाचलं. कृपया पुन्हा वाचा. त्याने एकेक शब्द तोडून, मानेच्या शिरा ताणून वाचला. कृपया पुन्हा वाचा. लॅपटॉप काही बंद पडत नव्हता. इल्पोला वाटलं, आता पडावा, देवा, आता एकदा पडावा. शेवटी रायलीने हात पुढे करून झाकण मिटलं.

जानेवारीत योन्ना घरी आली. तिने कुणाला बोल लावला नाही. यंत्रात तयार आवाज असतात, त्यातला एक निवडा म्हणाली. तार्मोने दोन-तीन ऐकले. सगळे हेलसिंकीच्या बातम्यांसारखे, गुळगुळीत. त्याने नाक मुरडलं. मग योन्ना इल्पोकडे वळून म्हणाली, “तुम्ही मघाशी दारातून हाक मारलीत ना, मला क्षणभर तार्मोच वाटले. तुमच्या आवाजाचा पोत तोच आहे. भाऊ आवाज देतात कधीकधी.”

इल्पोने रायलीकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती. “मला नका विचारू,” ती म्हणाली. “त्याला विचारा.”

तार्मोने टेबलावर बोटाने दोनदा टकटक केलं. त्यांच्यात आता त्याचा अर्थ ‘हो’ असा होता.

आणि इल्पोने ती सगळी वाक्यं वाचली. त्याच खोलीत, त्याच लॅपटॉपवर. तार्मो शेजारी बसून असायचा, आणि इल्पो घाईने वाचू लागला की हाताने खूण करायचा: हळू. सगळे गट पहिल्या फटक्यात जमले, एकदाही काही अडलं नाही. फेब्रुवारीत आवाज तयार होऊन आला. तार्मोने एका बोटाने टाइप केलं, आणि इल्पोच्या जाड आवाजात यंत्र म्हणालं, “इल्पो कल्लुन्की हा गाढव माणूस आहे आणि हे तो स्वतःच सांगतोय.” शब्द नवऱ्याचे आणि आवाज दिराचा ऐकून रायलीलासुद्धा हसू फुटलं. हसून झाल्यावर ती पटकन स्वयंपाकघरात गेली.

त्या आवाजात तार्मो पुष्कळ बोलला. त्याच्याकडे गाडी शिकलेली मंडळी भेटायला यायची, त्यांना चिमटे काढायचा. पाद्रीला म्हणाला, “तुझं समांतर पार्किंग अजून पाप आहे.” लोक म्हणायचे, अगदी तार्मोच! इल्पो तेव्हा कोपऱ्यात गप्प बसून राही. गावात तर तो बोलायचाच थांबला होता. दुकानात नुसतं बोट दाखवायचा. हा आवाज आता आपण वापरला तर भावाचा खर्च होतो, असलं काहीतरी वेडं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

मार्चमध्ये एकदा तो बर्फाखालून धरलेले दोन मोठे मासे घेऊन मागच्या दाराने आत शिरला. ऊन स्वच्छ पडलं होतं. रायली टेबलाशी तार्मोच्या समोर बसली होती. लॅपटॉप बाजूला, बंद. तार्मोच्या मांडीवर शाळेतल्या पोरांची असते तशी पांढरी पाटी होती आणि तो तिच्यावर लिहीत होता. हात एव्हाना कमजोर झाले होते. टाइप करणं त्याला जमत होतं, पण पेन धरणं म्हणजे शिक्षा. पेन घसरत होतं, अक्षरं ओळ सोडून खाली लोंबत होती, आणि एकेका अक्षराला भलता वेळ लागत होता. रायली हनुवटीखाली हात ठेवून शांतपणे वाट बघत होती. तिला कसलीही घाई नव्हती. त्याने पाटी फिरवली, तिने वाचलं, मान हलवली, पुसून परत दिली.

ती माशांसाठी परात आणायला तळघरात गेली तेव्हा इल्पो भावाला म्हणाला, “अरे, एवढा जीव कशाला काढतोस? हे यंत्र आहे की शेजारी.”

तार्मोने लॅपटॉप ओढून घेतला. झाकण उघडलं, एका बोटाने सावकाश टाइप केलं आणि बटण दाबलं. आणि इल्पोने स्वतःचा आवाज ऐकला. जरा खरबरीत, सर्दी झाल्यासारखा.

“तिच्याशी तुझ्या आवाजात कसं बोलू?”

इल्पोच्या हातातल्या माशांचं पाणी फरशीवर ठिबकत होतं. तार्मोच्या नजरेत राग नव्हता. त्याने पुन्हा काही टाइप करायला घेतलं, मग नको म्हणून पुसलं, आणि हात पुढे करून भावाच्या ओल्या बाहीवर थोपटलं. जिन्यावर रायलीची पावलं वाजली तसा त्याने लॅपटॉप बंद केला आणि पाटी पुन्हा मांडीवर ओढली.

उन्हाळ्यात पेनही गेलं. मग डोळ्यांच्या हालचालीवर चालणारं यंत्र आलं. ज्या अक्षराकडे बघावं ते उमटायचं. इल्पोचा आवाज त्यातही घातला होता. पाहुण्यांशी, नर्सशी, इल्पोशी तार्मो त्या आवाजात बोलायचा. रायली समोर आली की त्याची नजर आधी कोपऱ्यातल्या एका खुणेवर जायची आणि आवाज बंद व्हायचा. मग रायली खुर्चीला वळसा घालून त्याच्या मागे उभी राही, त्याच्या खांद्यावर हात ठेवी आणि स्क्रीनवरची अक्षरं एकेक उमटताना वाचत राही. वाचताना तिचे ओठ हलायचे. कधीकधी ती मोठ्याने उत्तर द्यायची, “हो, कळलं,” किंवा “वेडा आहेस.” बहुतेकदा काहीच म्हणायची नाही.

इल्पो तिथेच असायचा. चूल पेटवायचा, हिवाळ्यासाठी लाकडं रचायचा, मासे साफ करायचा. रायलीने त्याला सांगितलं होतं, “तू येत जा, तो तुझी वाट बघतो. फक्त त्या गोष्टीबद्दल माझ्याशी बोलू नकोस.” आणि तो बोलला नाही. ती दोघं स्क्रीनपुढे असली की तो त्यांच्याकडे पाठ करून बसायचा.

तार्मो सप्टेंबरअखेर गेला, एका सकाळी, झोपेतच. पुढे सामान आवरताना योन्नाने रायलीला विचारलं की यंत्रात त्यांनी लिहिलेलं सगळं साठलेलं आहे, ते तुम्हाला हवं का. रायली हो म्हणाली. कोणत्या आवाजात ऐकायचं, असंही योन्नाने विचारलं.

“आवाज नको,” रायली म्हणाली. “मी वाचेन.”